तिने मोडलेली कवळी

थोरलीला परत येऊन चार महिने झाले, तरी तिच्या आईच्या जिवाचा घोर काही कमी होईना. आता या पोरीला काम देणार कोण? भाजी चिरताना तेच, कपडे वाळत घालताना तेच. बँकेच्या रांगेत तर आपला नंबर आल्याचंही तिला कळलं नाही.

थोरली कवळ्या बनवायची. परदेशातल्या एका दातांच्या लॅबमध्ये, खिडकीजवळच्या बाकावर, अकरा वर्षं. साच्यावर मेणाची हिरडी चढवायची, तिच्यात एकेक दात बसवायचा, मग पक्की कवळी तयार झाली की घासत बसायचं. कायमचं तिकडेच राहायचं, असं जवळपास ठरलंही होतं. पण एक म्हातारी तिसऱ्यांदा कवळी परत घेऊन आली. हिरडीला जखम झाली होती. मालक म्हणाला, "नुसती पॉलिश मारून दे, तिला काय कळतंय!"

थोरलीने करवत उचलली आणि त्याच्यादेखत कवळीचे दोन तुकडे केले.

"आता नवी करावीच लागेल," ती म्हणाली.

आणि केलीही, स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी. त्याच आठवड्यात मालकाने तिला काढून टाकलं. नोकरीबरोबर तिकडे राहायचा परवानाही गेला. अनुभवाचं पत्र त्याने अडवून धरलं. 'चांगली कवळी मी रागाच्या भरात मोडली' असं आधी लिहून द्यायचं, मगच पत्र. आणि इथल्या प्रत्येक लॅबला सगळ्यात आधी हवं होतं ते नेमकं तेच पत्र.

मंगळवारी दुपारी मामा आला, एका फेरीत दोन कामं घेऊन. त्याची खालची कवळी टोचत होती. शिवाय, मालकाला स्वतः फोन करून त्याने माफीचा मजकूर मंजूर करून आणला होता. कवळी भाचीच्या हातात देऊन तो तसाच बोळक्या तोंडाने वाचायला लागला.

"मामा, दात बसवल्यावर वाच," थोरली म्हणाली. "आत्ता तू माफी मागतोयस की बाळाला झोपवतोयस, काही कळत नाहीये."

"थट्टा सुचतेय हिला! ताई, तू तरी सांग. एका सहीचं तर काम आहे."

आईने पेन पुढे केलं. "करून टाक ना गं. कागदच तर आहे."

थोरलीने पेनाकडे पाहिलंसुद्धा नाही. हातात धरायची छोटी मोटर सुरू करून तिने कवळीची कड घासली, बोट फिरवून पाहिलं, धुतली आणि मामाच्या तोंडात बसवली.

"चाव. टोचतंय?"

"थोडं. चालेल."

"काढ."

पुन्हा घासली, पुन्हा बसवली.

"आता?"

"अगदी किंचित. अगं, चालेल म्हणतोय ना!"

"काढ, मामा."

तिसऱ्या खेपेला मामाने दातांवर दात आपटले, जीभ फिरवली आणि कुणी सांगायच्या आत बशीतलं बिस्किट उचललं.

"ती म्हातारीपण चालेल म्हणत होती," टेबलावरचा भुगा पुसत थोरली म्हणाली. "रक्त येत होतं तरी. आणि ती कवळी चांगली होती असं मी लिहून देऊ? आई, मी कुणाकडेही साच्यांचं प्लास्टर कालवायला राहीन, पहिल्यापासून सुरुवात करीन. पण सही करणार नाही."

मामा चावायचा थांबला. आईने पेनाला टोपण लावलं. मग मामासमोरचा कागद ओढून घेतला आणि उलटा केला. मागे मामाच्या अक्षरात मालकाचा नंबर होता.

"तिकडे आत्ता किती वाजले असतील?"

"सकाळचे दहा," थोरली म्हणाली. "का गं?"

"ताई, तू बोलणार? त्याच्याशी?" मामाला ठसका लागला. "काय सांगणार?"

"अकरा वर्षं राबवून घेतलंस, आता अकरा वर्षांचं पत्र दे, म्हणून सांगणार. आणि कवळी का मोडली, तेही त्याच पत्रात लिही म्हणणार. खरं काय ते."

"आणि तो ओरडला तर?"

कॉलेजात आईने चार वर्षं इंग्रजीत पेपर लिहिले होते. त्या भाषेत भांडायची वेळ मात्र आजवर आली नव्हती. तिने चष्मा लावला आणि फोन जवळ ओढला.