फितीवरचं डफडं

छप्पन साली श्रावण नागपूरहून दीक्षा घेऊन गावी परतला आणि त्याने आपलं डफडं चुलीत घातलं. वलगावच्या पलीकडच्या त्या खेड्यात पोळा असो की लग्न, वाजवायला त्यालाच बोलावणं येई. बोलावणं कसलं, हुकूमच. तो नाही म्हणाला तशी गावाने मजुरी बंद केली, दुकानदार मीठही देईना. बायको सुंदराबाई आणि मुलगा शेषराव यांना घेऊन तो बडनेऱ्याला आला, रेल्वेत खलाशी झाला. घरात त्या गावाचं नाव निघालं की तो उठून बाहेर जाई.

शेषराव अमरावतीत रेडिओ दुरुस्ती शिकला. चौसष्टच्या सुमारास त्याने एक जुना टेपरेकॉर्डर मिळवला. श्रावणच्याच गावात शेती असलेले मोरोपंत वकील अमरावतीत हौशी नाट्यमंडळ चालवत. त्यांच्या नव्या नाटकात मिरवणूक होती. "मला खरं डफडं पाहिजे," ते म्हणाले. "तुझा बाप वाजवायचा ना?"

शेषरावने घरी विचारलं.

"त्या वकिलाले सांग, त्यानंच वाजवावं," श्रावण म्हणाला.

आठ-दहा दिवसांनी शेषराव कुणाचं तरी डफडं मागून घरी घेऊन आला. "वाजवू नको, बा. निरे ठोके दे. मशीन तपासून पाह्यतो."

 श्रावण कातडं जाळावर शेकून ठोके देत गेला: मधला जोराचा, कडेचा हलका, बारीक काडीची थरथर. प्रत्येक ठोका सुटा. चाल अशी एकही नाही. कंटाळला तेव्हा काड्या फेकून उठला.

शेषरावने फितीचे ब्लेडने तुकडे केले आणि चिकटपट्टीने जोडत बसला. ठोक्याची शेपटी कापली की चाल पळू लागे. मधे कोरी फीत जोडली की दम घेई. महिनाभरात त्याच्या मशीनमधून अख्खी मिरवणूक निघाली. अशी चाल कुणीच कधी वाजवली नव्हती. तो हरखून गेला. बापाचा शब्दही मोडला नाही, असं त्याने मनाशी धरलं. नाटक गाजलं. मशीन आणि फीत दोन्ही मोरोपंतांकडेच राहिली.

पोळ्यानंतर गावचा नत्थुजी बडनेरा स्टेशनवर श्रावणला भेटला. "तू नाई आला तरी तुहं डफडं आलं लेका," तो हसत म्हणाला. "वकिलानं मशीन धाडली होती. भोंग्यावर वाजवलं. बारीक काडी आयकली अन् सारे म्हने, हा तं श्रावन्या."

श्रावण घरी आला. शेषराव जेवत होता.

"माह्या हाताचे तुकडे केले तुनं," तो म्हणाला, "अन् त्यायच्याच दारात नेऊन वाजवले."

"मी नाई नेले, बा. मले ठाऊकच..."

"मशीन तपासतो म्हने. निंघ इथून."

शेषराव ताटावरून उठला तो थेट मोरोपंतांच्या बैठकीत गेला. मशीन मेजावर होतं, फीत चढवलेली.

"फीत वापस द्या, वकीलसाहेब."

"फीत मंडळाची आहे. आणि तुझ्या बापाचं त्यात आहे काय? ती चाल तू जोडलीस. तूच सांगत होतास ना सगळ्यांना?"

"त्याच्या हातचे ठोके हायेत. गावाले काहून देल्ली?"

"गावाने मागितली, दिली. तुम्हा लोकांना आता वाजवायची लाज वाटते, म्हणून गावाने पोळा मुका करायचा?"

 शेषरावने फीत गुंडाळून सुरुवातीला आणली, माइक जोडला आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. मोरोपंतांच्या लक्षात यायला वेळ लागला. मग ते ओरडत उठले, पण शेषराव मशीनला अंग लावून उभा राहिला. ते त्याच्या पाठीत बुक्के घालत राहिले, त्याची जात काढत राहिले आणि ठोक्यांच्या जागी फितीवर तेच भरत गेलं. फीत संपल्यावर त्याने ती काढून मेजावर ठेवली. "घ्या. आता मंडळाची," म्हणाला आणि मशीन उचलून बाहेर पडला.

मोरोपंतांच्या शब्दाला वजन होतं. अमरावतीत शेषरावला कुणी काम देईना. अकोल्याला जाण्याआधी तो घरी गेला आणि फीत पुसल्याचं बापाला सांगितलं.

"अन् लोकायनं आयकलं ते कसं पुसशीन?" श्रावणने विचारलं आणि पाठ फिरवली.

शेषरावने अकोल्यात रेडिओचं दुकान टाकलं, तिथेच संसार मांडला. सुंदराबाई वर्षातून दोनदा त्याच्याकडे जाऊन राही. श्रावण तिला गाडीत बसवून देई आणि गाडी सुटायच्या आत फलाटावरून निघून जाई.