शेवटच्या गल्लीचं पान

रजिस्टरांचा गठ्ठा सायकलला बांधून मी कादरभाईंच्या दुकानी गेलो, तर दुकानाच्या फळ्या लागलेल्या. शेजारच्या चहावाल्याने सांगितलं, परवाच नशिराबादला, त्यांच्या मूळ गावी, दफन झालं. मी गठ्ठा न सोडता परतलो. त्याला आता पाच आठवडे झाले. माणूस गेल्याचं मला काम घेऊन गेल्यावर कळलं, हे आधी लिहून ठेवतो.

धुळ्याहून बदली होऊन मी जळगावला आलो तेव्हापासूनची ओळख. आमच्या कचेरीची रजिस्टरं तेच बांधत. पुढे रेल्वेफाटकापलीकडे नवी वस्ती झाली तेव्हा दोघांनीही तिथे घरं बांधली. माझं पहिल्या गल्लीत, त्यांचं शेवटच्या. त्या गल्लीतली सातही घरं मुसलमानांची. बांधायला देताना मी पानं मोजून देत असे. "मोजा भाऊ, मोजा," ते म्हणत, "भूक लागली तर दोन-चार खातो मी." परत घेतानाही मी मोजत असे आणि ते हसत चहा गाळत.

सत्तावन्नच्या लोकसभा निवडणुकीआधी एका उमेदवाराच्या माणसांनी मला वस्तीची वही करायला सांगितली. प्रत्येक घर, धंदा, मतं किती, घरात कोणाचं चालतं, कल कुठे. महिनाभर संध्याकाळी दारोदार फिरलो. एका घरी बापलेक माझ्यासमोरच भांडले, तर दोघांचंही लिहिलं. शेवटची गल्ली मात्र मी घरी बसून भरली. सातही घरं समोरच्या उमेदवाराकडे टाकली आणि खाली शेरा मारला, 'एकगठ्ठा. भेटण्याची गरज नाही.' मला वाटलं, मला माहीतच आहे. त्याच दिवशी मी कादरभाईंकडे चहा प्यालो होतो.

मग त्या वहीचे सुटे, दुमडलेले ताव शिवायला त्यांच्याकडेच दिले. ताव क्रमाने लावायचे तर वाचावे लागतात, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. चौथ्या दिवशी वही हातात देत ते म्हणाले, "भाऊ, बाकी बठ्ठ्या गल्ल्यांत चार-दोन घरं 'नक्की नाही' आहेत. आमचीच कशी बठ्ठी, सातही, नक्की?"

मी म्हणालो, वेळ कमी पडला.

"चहाला पुरला ना..." एवढंच बोलून त्यांनी कप पुढे केला. मी तो प्यालो. त्या दिवशी पानं मोजली नाहीत. शेरा खोडायला दौत-टाक समोरच होते. वही तशीच नेऊन दिली.

उमेदवार वहीप्रमाणे फिरला, गल्लोगल्लीच्या मागण्या लिहून घेतल्या. शेवटच्या गल्लीत गेलाच नाही. निवडणुकीनंतर नळ आला तो तिच्या अलीकडे थांबला. वहीमुळेच थांबला, असं मला सिद्ध करता येणार नाही. पण त्या गल्लीला काय हवं ते कोणी विचारलं नव्हतं, एवढं ठाऊक आहे. टोकाच्या नळाला धार बारीक, म्हणून कादरभाईंच्या पत्नी हमीदाभाभी तेव्हापासून आमच्या गल्लीच्या नळावर हंडे भरतात. माझ्या खिडकीतून दिसतं. कादरभाईंनी तो विषय पुन्हा काढला नाही. मी काढणार होतो... तीन वर्षं काढणार होतो.

मागच्या आठवड्यात भाभींना भेटून सगळं सांगितलं. त्यांना माहीत होतं. "त्या मतावरून दोन दिवस भांडलो आम्ही," त्या म्हणाल्या. "ते एकाचं नाव घेत, मी दुसऱ्याचं. तुम्ही आला असता, भाऊ, तर तुम्हालाच पंच केलं असतं." कोण कोणाच्या बाजूने, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारायची वेळ होती तेव्हा मी घरी बसून लिहिलं होतं.

ती वही निवडणुकीनंतर माझ्याकडे परत आली. काल ते पान फाडायला घेतलं. पण कादरभाईंनी तावात ताव घालून मधोमध शिवलेलं. शेवटचं पान ओढलं तसं पहिलंही सुटू लागलं, माझ्या घराचं. दोन्ही एकाच तावाची. हात मागे घेतला. मग पहिल्यापासून पानं मोजली... एकही कमी नाही.