मुका यूपीएस

“माझं वाक्य पुरं होऊ दे.”

भोंगाआत्या हे दिवसातून किती वेळा म्हणायची, त्याची मोजदाद कोणी केली नाही. भावाला म्हणायची, दूधवाल्याला म्हणायची. दात काढून घ्यायला बसली तेव्हा तोंडात चिमटा असताना डॉक्टरांनाही म्हणाली, आणि डॉक्टर थांबले. तरुणपणी एका स्थळाची बोलणी चालली होती. मुलाचे काका तिचं बोलणं मध्येच तोडून म्हणाले, “ते सगळं नंतर बघू.” आत्याने आपलं वाक्य शांतपणे पुरं केलं, चपला पायात सरकवल्या आणि स्वतःच्याच घरातून बाहेर निघून गेली. पाहुणे उठून गेल्यावरच परत आली. पुढे लग्नाचा विषय तिने काढला नाही आणि दुसऱ्या कोणाची काढायची छाती झाली नाही.

भोंगा हे नाव तिला बसस्थानकाने दिलं. सगळी नोकरी तिने तिथे गाड्यांच्या घोषणा करण्यात घालवली. काचेची एवढीशी खोली, टेबलावर माइक, माइकला तिने स्वतः शिवलेली फडक्याची टोपी. आवाज गोड म्हणावा असा नव्हता. चांगल्या भाजलेल्या मडक्यावर टिचकी मारावी तसा होता, खणखणीत, आणि कडेला थोडा खरबरीत. बाकावर पेंगणारी माणसं तिच्या पहिल्या शब्दाला डोळे उघडत, पण बोचकं उचलत ती शेवटच्या शब्दालाच. कारण आपल्या बोलण्यात सगळी गोम शेवटी असते. “सकाळची गाडी आज” इथवर बोलून माणूस थांबला, तर ती येणार की येणार नाही, हे त्याच्या पोटातच राहतं. आत्या तो शेवटचा शब्द कधी गिळत नसे. खोकला आला तरी आधी क्रियापद, मग खोकला.

पुढे स्थानकावर यंत्राचा आवाज आला. आत्याला पार्सलच्या खिडकीत बसवलं, आणि तिथूनच ती निवृत्त झाली. घरी आली ती भावाच्या आणि भावजयीच्या घरात, मागच्या खोलीत. त्या खोलीत तिला पुन्हा माइकपुढे बसवलं ते मास्तरांनी.

मास्तर अंध मुलींच्या शाळेत शिकवत. त्यांना स्वतःलाही दिसत नव्हतं. स्थानकावरचा आवाज बदलला हे गावात सगळ्यांत आधी त्यांच्या लक्षात आलं, आणि ते विचारत विचारत आत्याच्या दारात येऊन उभे राहिले. “मुलींना धड्यांची पुस्तकं वाचून हवीत. तुम्ही बोला, संगणक जपून ठेवील.” आत्याने भिशीचे पैसे उचलले, जुना संगणक घेतला, भिंतींना रजया टांगल्या, खिडकीला गादी लावली. वाचताना पंखा बंद, कारण पंखा माइकमध्ये शिरतो. घामाने निथळत बाई विज्ञान वाचायची. बाहेर भावजय कुकरची शिट्टी धरून बसायची.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही. लाइट गेली की संगणकाचा पडदा काळा. कधी वाचलेलं सगळंच पुसलं जायचं, कधी लाइट गेली त्या क्षणापर्यंतचं उरायचं. आत्या परत बसायची, राहिलेल्या जागेपासून वाचायची. अशाच एका दुपारी एका धड्यात “पाण्यातले सगळे साप विषारी” इथे लाइट गेली. शेवटचा “नसतात” हवेत गेला. आत्याला वाटलं, वाक्य आत गेलंय. तिने पुढच्या परिच्छेदापासून सुरुवात केली. मुलींनी ते तसंच पाठ केलं आणि परीक्षेत सगळ्या वर्गाने लिहिलं, पाण्यातले सगळे साप विषारी.

शाळेच्या संस्थेचे सचिव स्वतः घरी आले. खुर्चीच्या टोकावर बसले, म्हणाले, “बाई, तुमच्या श्रमांबद्दल आदर आहे. पण येत्या सत्रापासून पुस्तकं संगणकाच्या आवाजातच देऊ. तो चुकत नाही.”

“मी चुकले नाही. लाइट चुकली.”

“मुलींना त्याने काय फरक पडतो?”

हे आत्याला सगळ्यांत जास्त झोंबलं. मास्तर सचिवांच्या बरोबर आले होते. निघताना दाराशी ते हळूच म्हणाले, “आत्या, सत्र सुरू व्हायच्या आत आख्खं पुस्तक नव्याने द्या. एकही वाक्य तुटलेलं नको. मग मी त्यांच्याशी भांडतो.”

“भांडायचं मी बघते. तुम्ही फक्त ऐका,” आत्या म्हणाली.

त्या संध्याकाळी घरात बैठक बसली. भाऊ म्हणाला, “त्यात काय, इन्व्हर्टर बसवू. घरभर होईल. तुझा संगणक चालेल, आमचे पंखे चालतील.”

“वन्सं, खरंच,” भावजय म्हणाली. “तुमच्या विज्ञानाचं राहू दे, लाइट गेली की आम्हीही उकडून निघतो. आम्हालाही थोडं वारं लागू द्या.”

“आधी बघते,” आत्या म्हणाली, आणि तिने शेजारच्या शिंप्याला गाठलं. त्याच्याकडे इन्व्हर्टर होता. संगणकाचा डबा पोटाशी धरून ती गल्लीतून निघाली, मागून भाऊ पडदा घेऊन. सगळी गल्ली बघत होती. शिंप्याच्या घरी जोडणी करून तिने स्वतः मेन स्विच पाडला. शिंप्याचा दिवा नुसता लुकलुकला आणि तसाच जळत राहिला. पंखा फिरतच होता. संगणक मात्र बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

“बघा, काही कळलंसुद्धा नाही,” शिंपी अभिमानाने म्हणाला.

“दिव्याला कळलं नाही, कारण दिवा काही बोलत नव्हता,” आत्या म्हणाली. “दादा, डबा उचल.”

भाऊ वैतागला. “अगं, निमिषभराचा तर खंड आहे.”

“त्या निमिषात साप विषारी होतात.”

मग ती गेली बाजारपेठेतल्या संगणकाच्या दुकानात, यूपीएस बघायला, म्हणजे लाइट गेली की त्याच क्षणी संगणकाला पेलणारा बॅटरीचा डबा. दुकानदाराने खोके काढून काउंटरवर मांडले. हा लहान, हा मोठा, हा त्याहून मोठा. “मावशी, घ्यायचा तर मोठाच घ्या. लाइट गेल्यावर अर्धा तास निवांत काम करा.”

“मी मावशी नाही, आत्या आहे. मावशी ऐकून घेते. मला अर्धा तास कशाला? वाक्य संपवायचं, काम साठवायचं, संगणक रीतसर बंद करायचा. एवढ्याला पुरेल असा दे.”

“अहो, पण लोक मोठाच नेतात.”

“लोकांची वाक्यं लांब असतील.”

बरोबर आलेल्या भावाने मात्र हट्ट धरला, घ्यायचाच तर दांडगा घेऊ, आणि आत्याने पहिल्यांदा त्याचं ऐकलं. ते तिला भोवलं. तो दांडगा घरी आणून जोडला, तर त्याच्या पोटातला पंखा अखंड घरघरत होता, जणू खोलीत कोणी म्हातारा झोपलाय. दुसऱ्या दिवशी ती परत दुकानात. लहान घेतला. तो शांत होता. आत्या खूश झाली, माइक पुढे ओढला, वाचायला लागली. दुपारी लाइट गेली. संगणक चालूच राहिला. आत्याच्या चेहऱ्यावर हसू फुटतंय तोच डबा ओरडला, टीं. थोडं थांबून पुन्हा, टीं. वाक्य आत्याचं पुरं झालं, पण मध्ये तीन ठिकाणी टोचलेलं.

आत्याने उपाय केला. लाइट आल्यावर डब्याला रजई गुंडाळली, वर उशी ठेवली, उशीवर धान्याचा डबा. आवाज गेला. संध्याकाळी भावजय झाडायला आत गेली आणि तशीच बाहेर आली. “वन्सं, तुमचा तो यूपीएस तापाने फणफणलाय. रजईला वास येतोय. आता आमच्या अंगावर घर पेटवायचं राहिलंय का?”

“नाही पेटलं ना?”

“पेटल्यावर सांगू का?”

रजई काढली. सकाळी यूपीएस पिशवीत घालून ती तिसऱ्यांदा दुकानात जाऊन उभी राहिली. दुकानदाराने तिला बघितल्या बघितल्या हात जोडले.

“हा ओरडतो,” आत्या म्हणाली.

“ओरडणारच. लाइट गेली हे तो तुम्हाला सांगतो.”

“लाइट गेली हे मला कळतं. ओरडणार नाही असा दाखव.”

दुकानदाराने फळीवरचा एक काढला. त्याला आवाज बंद करायचं बटण होतं. आत्याने तिथल्या तिथे जोडायला लावला, खटका पाडायला लावला, डोळे मिटून उभी राहिली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तीही गप्प झाली. टीं. दुकानदाराने बटण दाबलं. शांत.

“बघा. झालं.”

“पहिला टीं आलाच की.”

“एवढं चालतं हो, आत्या.”

“माझं वाक्य पुरं होऊ दे. मी वाचते आहे, ‘ह्या वायूने माणूस’, आणि हा ओरडतो, टीं. मग मी हात लांब करून बटण दाबते, कागद सळसळतो, खुर्ची करकरते, आणि मग म्हणते ‘मरतो’. ऐकणाऱ्या पोरीने काय समजायचं?”

एक गिऱ्हाईक म्हणालं, “पोरगी समजेल की यूपीएसने मरतो.” दुसरं हसलं. आत्यापण हसली, पण जागची हलली नाही.

दुकानाच्या कोपऱ्यात दुरुस्तीवाला बसायचा. मान वर न करता तो म्हणाला, “तुमच्याच डब्याचा बझर काढून टाकता येईल. बारीकशी काळी चकती असते. पण एकदा झाकण उघडलं की वॉरंटी गेली.”

दुकानदार मध्ये पडला. “तसलं काही करू नका. वॉरंटी जाईल, वर बॅटरी संपत आली तरी तो सांगणार नाही. मुका होईल. अचानक डोळे मिटेल. मग माझ्याकडे येऊ नका.”

“नाही येणार.”

“दोन वर्षांची वॉरंटी आहे, आत्या. माणूस वेडं झालं तरी वॉरंटी सोडत नाही.”

“तुझी वॉरंटी डब्याची आहे. वाक्याची कोण देतो?” आत्याने पिशवीतून कार्ड काढलं, फाडलं नाही, नुसतं काउंटरवर ठेवलं, व्यवस्थित, त्याच्याकडे तोंड करून. “हे तुझ्याकडे राहू दे. उघड रे तू.”

दुरुस्तीवाल्याने आधी बॅटरी सुटी केली, सोल्डरिंग गन तापवली, धुराची बारीक रेघ वर गेली, आणि काळी चकती टेबलावर पडली. झाकण लावून त्याने खटका पाडला. दुकान ऐकत राहिलं. काहीच ऐकू आलं नाही. आत्या म्हणाली, “आता कसा शहाण्यासारखा बसलाय.”

घरी भाऊ कपाळाला हात लावून बसला. “नवा डबा, आणि पहिल्याच आठवड्यात शस्त्रक्रिया.” आत्याने टेबलाच्या कडेला एक छोटा लाल दिवा भिंतीच्या प्लगला जोडला, यूपीएसला नाही. तो विझला की लाइट गेली. ओरडणं नाही, सांगणं तेवढं. मग ती रजयांच्या मध्ये बसली आणि पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. लाल दिवा विझायचा, आत्या बोलत राहायची, परिच्छेदाच्या शेवटी पोचायची, साठवायची, बंद करायची आणि ओट्यावर येऊन पदराने मान पुसायची. “गेली का?” भावजय विचारायची. “जाऊ दे गेली तर,” आत्या म्हणायची. एकदा बॅटरी खरंच संपली, दुकानदार म्हणाला होता तशी, न सांगता. तेव्हा एक परिच्छेद गेला. आत्याने तो पुन्हा वाचला आणि कोणाला बोलली नाही. मला भावजयीने सांगितलं.

सत्र सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ती शाळेत गेली. पेनड्राइव्ह मुठीत होता. सचिव कार्यालयात होते, मास्तरही बसले होते. त्यांनी चहा सांगितला आणि म्हणाले, “बाई, बैठकीत ठराव झाला. संगणकाचा आवाज नक्की केला आहे. तुम्ही उगाच त्रास घेतलात.”

“पुस्तक ऐकलंत?”

“ऐकायची गरज उरली नाही.”

“मुलींना विचारलंत?”

मास्तर उठले आणि म्हणाले, “वर्ग भरलेला आहे. विचारूया.” सचिवांना नाही म्हणता आलं नाही. वर्गात मास्तरांनी आत्याचा पेनड्राइव्ह जोडून एकच धडा दोन्ही आवाजांत लावला, आधी यंत्राचा, मग आत्याचा. आत्या मागच्या भिंतीला टेकून उभी होती, हाताची घडी घालून.

सगळ्यांत थोरली मुलगी म्हणाली, “मशीन वाईट नाही. त्याचा वेग वाढवता येतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी तेच बरं.”

सचिवांनी मान हलवली. आत्याने हलवली नाही.

“पण शिकताना आत्याचं हवं,” मुलगी पुढे म्हणाली. “रागावून वाचल्यासारखं वाटतं, पण वाक्य संपलं की संपलं असं कळतं. मशीन ‘नसतात’ पण तसंच म्हणतं आणि ‘असतात’ पण तसंच.”

दुसऱ्या दोघींना मशीनच आवडलं. एकीने विचारलं, सापाचं यात बरोबर आहे ना. वर्ग हसला.

सचिव म्हणाले, “छान. पण ठराव हा ठराव.”

“असू दे,” आत्या म्हणाली. “शाळेने मागितलं म्हणून मी वाचत होते. आता शाळेने मागायची वाट बघत नाही. पुढच्या वर्षाचं पुस्तक उद्यापासून सुरू. ज्या मुलीला मशीन हवं तिने मशीन ऐकावं, जिला मी हवी तिने मला. ठरावात माझं वाचन बंद करायचं लिहिलंय का?”

“तसं कसं लिहू?”

“मग झालं.”

तिने पेनड्राइव्ह काढून घेतला, सचिवांपुढून नेऊन मास्तरांच्या तळहातावर ठेवला आणि त्यांची बोटं मिटवली. थोरली मुलगी तोवर उठून मास्तरांच्या टेबलाशी आली होती, आणि तिच्या मागे आणखी दोघी, आपापल्या ऐकायच्या यंत्रात उतरवून घ्यायला.

आत्या बाहेर पडली. शाळेचं आवार मोठं आहे, मधून फरशीची वाट जाते. ती वाटेच्या मधोमध चालली, कडेने नाही, मान ताठ, रिकामी पिशवी खांद्यावर. वर्गात मास्तर आणि मुली तिच्या चपलांचा आवाज फाटकापर्यंत ऐकत राहिल्या. बघणारे एकटे सचिव होते. ते खिडकीशी उभे होते, हातातला चहा तसाच, आणि ती फाटकाबाहेर वळली तरी ते तिथून हलले नाहीत.