नानाकाकांचा कलप

परवा सलूनमध्ये कलपाचा वास आला आणि नानाकाका आठवले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. चाळिशी उलटलेल्या काकांसाठी दादरच्या एका शिक्षिकेचं स्थळ आलं होतं. त्यांनी पहिल्यांदाच कलप लावला आणि मला परळला विनोदी सिनेमाला नेलं. पडद्यावरचा प्रौढ नायक बायको मिळावी म्हणून केस रंगवू लागला, तसं सगळं थिएटर खदखदून हसलं. काकांनी अंधारातच टोपी चढवली.

घरी आई हसतमुखाने म्हणाली, "भावोजी, त्यांचा होकार आलाय!"

"नको वहिनी, नाही म्हणून कळवा. लोक हसतील."

काका शेवटपर्यंत एकटेच राहिले. आज वाटतं, त्या अंधारात त्यांच्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं.