रोजनिशीतलं चुकीचं नाव

नेकनूर सोडलं तेव्हा वडील मला निजामाची मोगलाई संपून इंग्रजी हद्द लागते त्या नाक्यापर्यंत पोचवायला आले होते. तहसिलीत कारकून व्हावं म्हणून त्यांनी मला बीडला उर्दू शिकवली, आणि मी निघालो होतो नगरला, पलटणीत भरती व्हायला. सगळ्या वाटेत ते माझ्यापुढं दहा पावलं चालत राहिले. नाक्यावर मात्र माझा पटका नीट केला आणि म्हणाले, "जातूस तर जा. पर कुणी इचारलं तर मोगलाईतला हाय म्हणून सांगायला लाजू नगंस."

लाजलो नाही. तीच उर्दू पलटणीत कामी आली. हुकूम वाचायला मी, शिपायांची पत्रं लिहायला मी. शिपायाचा नाईक, हवालदार, जमादार झालो आणि केस पिकता पिकता सुभेदार. परेडवर शेकडो बूट एका तालात पडायचे आणि हुकूम नेकनूरच्या पोराच्या तोंडून सुटलेला असायचा. आजही ते आठवलं की ऊर भरून येतो.

भरतीच्या रांगेत माझ्यापुढं आमच्याच बीडजवळच्या पालीचा रावजी उभा होता. महायुद्धात आम्ही दोघं बसऱ्याच्या मुलखात गेलो, दोन वर्षं एका तंबूत राहिलो. टायग्रिस नदीवर एका सकाळी माघारीचा हुकूम आला. जखमी बोटीत चढेपर्यंत अकरा जणांनी काठ राखला. त्यातल्याच रावजीनं दोन जखमींना पाठीवर घालून आणलं. तिसऱ्याला आणायला गेला तो परतलाच नाही. ती अकरा नावं मी गावांसकट रोजनिशीत लिहून ठेवली.

पेन्शनीत निघालो, पुण्यात बिऱ्हाड केलं. पुढं आमच्या कर्नलसाहेबांनी पलटणीचा इतिहास छापला. त्या सकाळबद्दल त्यात एकच ओळ होती : काही शिपायांनी काठ राखला. तो 'काही' माझ्या घशाखाली उतरेना. मग ठरवलं, पलटणीचा इतिहास आपणच लिहायचा, मराठीत. पुण्यातले शिकलेले लोक हसले. हसू दिलं. सहा वर्षं गावोगाव हिंडलो, जुन्या शिपायांच्या दारात बसलो.

पालीला रावजीच्या आईसमोर मी रोजनिशीतलं ते पान वाचायला घेतलं. "पालीचा रावजी" म्हटलं, आणि ओसरीवर दोर वळत बसलेला माणूस म्हणाला, "रावजी तर मीच हाय की, सायेब."

त्यानं दोर बाजूला ठेवला.

"त्यो किसन, माजा धाकला. वय भरंना म्हणून माजं नाव सांगून गेलता. रावजी मेला असा सरकारी कागद आला, तवा त्यो घ्याया चावडीवर मीच गेलतो."

"मग इतकी वर्षं सांगितलं कावून न्हाई?" माझी जुनी बोली आपोआप तोंडात आली.

"कुणी इचारायलाच आलं न्हाई."

म्हातारी म्हणाली, "गावाला ठावं हाय, बाबा. सरकारला न्हाई. आता तुमी लिवताव तर बराबर लिवा."

साहेबाची चूक काढायला निघालो होतो, आणि माझ्याच रोजनिशीत चूक निघाली. तिथंच बसून मी नाव खोडलं आणि किसन लिहिलं. म्हातारीनं मला ते तीनदा वाचायला लावलं.

पुस्तक छापून झालं, अकरा नावांनिशी. कर्नलसाहेबांना विलायतेला प्रत धाडली. त्यांचं उत्तर आलं : तुमची माहिती माझ्यापेक्षा पक्की आहे, सुभेदार. ते पत्र मी आल्यागेल्याला दाखवतो, खोटं कशाला सांगू!

नेकनूरकरांनो, तुम्ही विचारता, कायमचा कधी येणार? आता नाही जमायचं. मुलं पुण्याची झाली, माझ्या बोलण्यात निम्मी छावणी शिरली. पण लिहिताना अडलं की मी बीडची वाट धरतो. आणि माझ्यासारखे गाव सोडून गेलेले जे कोणी हे वाचत असतील, त्यांनाही सांगतो. बाहेर मला सलाम करणारे पुष्कळ भेटले. तुझं चुकलंय, असं प्रेमानं तोंडावर सांगणारं माणूस तिकडंच भेटतं. माझ्यासाठी घर तेच.