तंबूच्या कापडापलीकडे

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. देवापुढे हात जोडतानाही मनातल्या मनात हे तेवढं वगळते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही काही आमच्या घरी येणार नाही, ताईंना भेटणार नाही.

ताई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. झाशीत दतिया गेटजवळ आमचं घर — वर त्या, खाली आम्ही. मी रेल्वे कॉलनीतली. वडील लोको शेडमध्ये फिटर, भुसावळहून बदली होऊन आलेले. माझ्या लग्नानंतर बाबा पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा ताईंनी सगळ्यांना चांदीची ताटं मांडली आणि बाबांपुढे स्टीलचं ठेवलं. वर हसून म्हणाल्या, "रेल्वेवाल्यांना डब्याची सवय, हो ना?" बाबाही हसले. ताट स्वच्छ केलं. पुन्हा मात्र कधी आले नाहीत — दर वेळी काहीतरी निमित्त — आणि मग गेलेच. मी त्या दिवशी काय केलं? मुकाट्याने वरण वाढलं.

तेव्हापासून मनात धरून बसले होते. वाट बघत होते म्हणा ना!

ताईंची मुग्धा माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली. तिचं ऑफिसातल्या अंकितशी जमलं. तो टहरौली गावचा, घरची शेती, हिंदी बोलणारी माणसं. लग्न ठरवण्याआधी दोन्ही घरांनी बेतवेच्या काठी एका टेंट कॅम्पमध्ये राहायचं, ही कल्पना त्या दोघांचीच. घरात सगळे ताठ बसतात, तिथे मोकळे होतील म्हणे.

मोकळे! कॅम्प कसा असतो माहीत आहे ना? फोटोत नदी, सूर्यास्त, पांढरेशुभ्र तंबू. प्रत्यक्षात आत ओल्या सतरंजीचा वास, बाथरूम सामाईक, माकडं चपला पळवतात, आणि शेजारच्या तंबूतल्याने कूस बदलली तरी आपल्याला कळतं. पण चेन ओढली की वाटतं, झालं, दार लागलं. कापडाला कसलं आलंय दार?

शिवाय आम्हा झाशीच्या मराठी माणसांची एक खोड. इलाइट चौराह्यावरच्या दुकानात भैयासमोर त्याच्याच मालाला नावं ठेवायची — बिनधास्त, मराठीत. आजूबाजूला सगळे हिंदीवाले, कुणाला काय कळतंय? आमची पोरं हल्ली धड मराठी बोलत नाहीत, पण ही युक्ती त्यांना बरोब्बर जमते.

सकाळी बाथरूमच्या रांगेत अंकितची आई माझ्यापुढे होती. सरोजजी. डोक्यावर पदर, बोलणं बेताचं. मागे वळून मला म्हणाल्या — चक्क मराठीत — "तुम्ही जा आधी, मला घाई नाही." मी चाटच पडले. त्यांचं बालपण अकोल्यात गेलं होतं, वडिलांची नोकरी तिथे होती. हसून म्हणाल्या, "संध्याकाळी शेकोटीपाशी सगळ्यांना सांगणार आहे. तोवर बोलू नका हं, गंमत!" मी हो म्हटलं.

दिलेला शब्द पाळला, असं म्हणून मला सुटता येईल. पण साफ खोटं ते. गप्प राहणं वेगळं — आणि दुपारी मी जे केलं ते वेगळं.

दुपारी पुरुषमंडळी आणि मुलं नदीवर गेली होती. तंबूत ताई आणि मी. सरोजजी बाहेर, आमच्याच तंबूच्या सावलीला, खुर्ची टाकून बसल्या होत्या. बांगड्यांचा आवाज येत होता, खिडकीच्या जाळीतून पदर दिसत होता — मला. ताई तिकडे पाठ करून पडल्या होत्या. आणि मी — मी खणखणीत आवाजात विचारलं, "ताई, कशी वाटली हो मुलाची आई?"

एवढंच विचारलं. ताईंच्या तोंडाला लगाम कधी होता?

"अगं, शेणाचा वास येतो हातांना. मुलगा तेवढा बरा आहे. लग्न झालं की दोघांना दिल्लीला धाडते, टहरौलीचं तोंड बघायला नको."

तिथे थांबायचं ना मी? नाही थांबले. म्हटलं, "आणि सणावाराला हे लोक आले तर?"

"आले तर बसवू मागच्या अंगणात!"

बांगड्या थांबल्या. काय वाटलं मला, खरं सांगू? गार वाटलं. घ्या, म्हटलं, आता घ्या. मुग्धा? मुग्धा त्या क्षणी माझ्या डोक्यातच नव्हती. ती नंतर आली.

शेकोटी पेटायच्या आत अंकितच्या घरच्यांनी सामान बांधलं. सरोजजी आमच्या तंबूशी आल्या, ताईंना नमस्कार केला आणि मराठीतच म्हणाल्या, "येतो आम्ही. हातांना शेणाचा वास येतो खरा, पण आमच्याकडे पाहुण्याला घरात बसवतात." ताईंचा चेहरा पांढराफटक. मग सरोजजींनी माझ्याकडे पाहिलं. प्रश्न कोणी विचारले, तेही त्यांनी ऐकलंच होतं की. मला मात्र एक शब्द बोलल्या नाहीत.

लग्न ठरता ठरता मोडलं. आईचा तो अपमान अंकितच्याने गिळवला नाही. ताईंनी आपण काय बोललो ते मुग्धाला स्वतःच्या तोंडाने सांगितलं — एवढी हिंमत मला त्यांच्यात वाटली नव्हती. मुग्धा पुण्याला निघून गेली. आईशी बोलत नाही. मला फोन करते, माझ्यापाशी रडते, म्हणते, "काकू, आप थीं तो सँभल गई." मी ऐकून घेते.

ताई आता खंगल्यात. जिन्यावरून भाजीची वाटी घेऊन खाली येतात, माझ्या स्वयंपाकघरात बसून राहतात. "माझ्या जिभेने पोरीचं वाटोळं केलं गं, सुधा." मी म्हणते, "तुम्हाला काय ठाऊक होतं, ताई?" हे वाक्य मी त्यांच्या तोंडावर म्हणते. पुन्हा पुन्हा म्हणते.

परवा वाटी ठेवून त्यांनी विचारलं, "मुग्धा माझं काही विचारते का गं?"

विचारते. दर फोनला विचारते. आई जेवते ना, आईचे गुडघे कसे आहेत, मी फोन केला तर उचलेल का.

मी म्हटलं, "नाही हो, ताई. अजून नाही."