तीन नट आणि एक किल्ली

जहाजावर सगळे त्यांना कुलूपकाका म्हणत. हुद्दा इलेक्ट्रिशियनचा, पण ओळख कुलपाची. पंखा असो की पंप, काका आधी त्याचा स्वीच पाडणार, त्यावर स्वतःचं लाल कुलूप ठोकणार, मग टेस्टर लावून वीज गेली ना ते बघणार. एवढ्यावर समाधान नाही. तो टेस्टर तरी खरं बोलतोय का, हे दुसऱ्या चालू तारेवर तपासणार. तोवर बघणाऱ्याचा चहा पिऊन व्हायचा.

"काका, घरी फ्रिजलाही कुलूप आहे का हो?"

"फ्रिजला नाही, माझ्या तोंडाला आहे. बायको शिक्षिका आहे माझी."

हा चक्रमपणा उगाच नव्हता. पहिल्याच जहाजावर ते पंख्यात हात घालून बसले असताना कुणीतरी सहज स्वीच लावला होता. डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तिथेच गेली. तेव्हापासून किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात. मोटारीचे काढलेले नटही हरवू नयेत म्हणून त्याच दोऱ्यात ओवलेले. कुलूप ज्याचं, ते त्यानेच काढायचं, हा जहाजावरचा नियम त्यांनी बावीस वर्षं सगळ्यांच्या डोक्यात घालून घालून पक्का केला होता.

आता सुट्टी लागली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोचा शाळेत निरोप समारंभ. मुलीचा जन्म, घराचं स्थलांतर, बायकोचं ऑपरेशन, प्रत्येक वेळी काका समुद्रावर. या वेळी मात्र पहिल्या रांगेत बसेन, असा शब्द दिला होता.

विमानतळावर तपासणीचं यंत्र कुंईकुंई करायला लागलं. शिपायाने गळ्यातला दोरा बाहेर काढायला लावला. एक किल्ली आणि तीन पितळी नट.

काकांनी नट पुन्हा मोजले. सकाळीच स्वीचला कुलूप लावून सुकाणूच्या मोटारीच्या तीन तारा त्यांनी सोडवल्या होत्या. तेवढ्यात बदली इलेक्ट्रिशियन आली, कागदांवर सह्या सुरू झाल्या, आणि त्या मोटारीपुढेही त्यांनी झोकात लिहून टाकलं, 'काम पूर्ण'. जहाज संध्याकाळी सुटणार होतं.

त्यांनी चीफ इंजिनिअरला फोन लावला. "साहेब, मोटार चालू करू नका. तारा सुट्या आहेत. चूक माझी."

"बरं झालं सांगितलंत. तुम्ही विमान पकडा. कुलूप कापतो, नवी पोरगी जोडेल तारा."

म्हटलं तर प्रश्न मिटला होता. काकांनी बायकोला फोन केला. "माझं कुलूप आज कापलं ना, तर उद्या कुणाचंही कापतील. आत कुणाचा हात आहे, विचारणारसुद्धा नाहीत. पण परत गेलो तर तुझा कार्यक्रम..."

ती म्हणाली, "अहो, त्या कुलपाच्या भरवशावर बावीस वर्षं झोपले मी. जा परत."

काका टॅक्सीत बसले आणि वाटभर स्वतःलाच शिव्या घालत राहिले. दोन तासांनी जहाजावर पोचले, तर कटर हातात धरून चीफ तोंड पाडून उभे. स्वीचवर लाल कुलपाशेजारी एक निळं कुलूप.

नवी इलेक्ट्रिशियन म्हणाली, "माझंही लावलं, काका. आता कापायची तर दोन कापावी लागतील, म्हटलं."

काका खुदकन हसले. तारा जोडल्या, दोघांनी आपापली कुलपं काढली, मोटार फिरवून पाहिली. मग कागदावरचं 'काम पूर्ण' सगळ्यांसमोर खोडून खरी वेळ घातली. बावीस वर्षांतली ती पहिली खाडाखोड, आणि ती करताना कान चांगलेच तापले होते.

घरी पोचले ते एक दिवस उशिरा. बायकोने दार उघडलं. अंगावर कालच्या समारंभाचीच साडी, हातात भाषणाचा कागद. तिने त्यांच्या बॅगेतून लाल कुलूप शोधून काढलं, दाराच्या कडीला आतून अडकवलं आणि किल्ली त्यांच्या गळ्यातून काढून स्वतःच्या गळ्यात घातली.

"बसा. पहिली रांग," ती म्हणाली, आणि खोलीच्या मधोमध उभं राहून तिने पहिल्यापासून भाषण वाचायला सुरुवात केली.